रतनबाईच्या नावाचं रक्त

१

गहिनीनाथने माझ्या टेबलावर दोन रिपोर्ट ठेवले. ते वाचता वाचता माझा चहा तसाच गार झाला.

मी सुचित्रा मुळे, पॅथॉलॉजिस्ट. अकोल्यात स्टँडच्या मागे माझी लॅब आहे. लोकांचं रक्त, थुंकी आणि लघवी बघण्यात उभा जन्म गेला, पण त्यांची मला कधी किळस आली नाही. किळस येते ती माणसांची. आणि त्या सकाळी ती यायला सुरुवात झाली होती.

गहिनीनाथ भंडारदरा-अकोले जीप चालवतो. वरच्या करवंदवाडीचा. त्याची आई रतनबाई उभा जन्म चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली आणि विडीला कधी हातही न लावता फुप्फुसं जाळून बसली. सीओपीडी, म्हणजे कायमचा दमा म्हणा हवं तर. संगमनेर रोडवरच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलातून तिला ओढायचा स्टेरॉईडचा पंप मिळत होता आणि त्यावर ती चांगली हिंडतफिरत होती. पावसाळ्यात हॉस्पिटलच्या लोकांनी गावात येऊन चुलीवाल्या बायकांचं रक्त नेलं. रिपोर्ट आला आणि रतनबाईचा पंप बंद झाला. आता थंडी पडली तशी बाई ऑक्सिजनवर होती.

"म्याडम, आई लई तळमळती," गहिनीनाथ म्हणाला. "पंप चालू करा म्हनलं तर डॉक्टर म्हनत्यात, रिपोर्टात बसत न्हाई. तुमी एकडाव बघा ना."

रिपोर्टात काय बसत नाही, ते सांगते. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी फिरत असतात, शरीराची गस्त घालणाऱ्या. त्यातल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी रक्तात भरपूर असल्या, तर श्वासनळ्यांची सूज पंपाने ओसरते. त्या नसल्याच, तर पंपाचा फायदा थोडा आणि न्यूमोनियाची भीती जास्त. म्हणून डॉक्टर त्या मोजतात. यात चुकीचं काहीच नाही. रतनबाईच्या जुलैच्या रिपोर्टात त्या जवळजवळ नव्हत्या. परवाच्या रिपोर्टात तर शून्य.

पण माझी नजर वरच्या ओळीवर अडकली होती. हिमोग्लोबिन. जुलैत पंधरा. परवा आठ.

"आईला कुठं लागलं होतं? रक्त गेलं? काविळीसारखं काही?"

"न्हाई म्याडम. धाप सोडली तर काय बी न्हाई."

"परवाचं रक्त कधी घेतलं?"

"संध्याकाळी दाखल केली, लगीच शिरंतनं इंजेक्शन दिलं. मग सकाळी मोठ्या डॉक्टरांनी सोता सांगून रक्त घ्यायला लावलं."

पंधराचं आठ व्हायला अंगातलं अर्धं रक्त वाहून जावं लागतं. ते गेलेलं नव्हतं. म्हणजे जुलैत ज्याची तपासणी झाली, ते रक्त रतनबाईचं नव्हतंच. मग परवाचं तिचं स्वतःचं रक्तसुद्धा तेच का सांगत होतं? याचं एक उत्तर मला तिथेच सुचलं, पण इतकं घाणेरडं की मी ते मनातून ढकलून दिलं.

२

हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर म्हणजे नारायण देवकुळे. माझा वर्गमित्र. कॉलेजात असल्यापासून याच्या शर्टाची इस्त्री कधी मोडली नाही, आणि याचं कधी काही चुकलंही नाही, असं त्याचं स्वतःचं मत आहे. केबिनमध्ये भिंतभर फोटो लावले होते. सगळ्यांत मोठा पुण्याच्या परिषदेतला, व्यासपीठावर शोधनिबंध वाचतानाचा.

"चुलीच्या धुराने फुप्फुस गेलेल्या बायकांच्या रक्तात इओसिनोफिल नसतातच, सुचित्रा," तो म्हणाला. "सिगारेटवाल्यांचा आजार वेगळा, यांचा वेगळा. हे पहिल्यांदा मी दाखवलं. उगाच गरीब बायकांना पंप ओढायला लावायचे आणि न्यूमोनिया द्यायचा! मी बंद केले."

"हिमोग्लोबिन पंधरा कसं रे, डोंगरातल्या बाईचं?"

"प्राणवायू कमी पडला की शरीर रक्त घट्ट करतं. विसरलीस?"

विसरले नव्हते. होतं तसं कधी कधी. "आणि आता आठ?"

"मशीन गं. आमचं जुनं मशीन." तो हसला. हे हसू मला कॉलेजपासून आवडत नाही.

मी वॉर्डात गेले. रतनबाई कॉटवर पुढे वाकून, दोन्ही हात टेकून बसली होती. प्रत्येक श्वासाला गळ्याच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या जात होत्या. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाल असायला हवं तिथे पांढरंफटक. कसलं घट्ट रक्त आणि कसलं काय!

तिने माझा हात धरला. "बाई... पोराला म्हनावं... घरी जा. जीपचा धंदा... बुडतोय." एवढं बोलायला तिला चार श्वास लागले. अंगात हवा नाही आणि काळजी कुणाची, तर जीपची.

मी नारायणकडे परत गेले आणि जुलैच्या काचपट्ट्या मागितल्या. काचेवर रक्ताचा थेंब पसरून वाळवतात, त्या.

"काचपट्ट्या?" त्याला गंमत वाटली. "मशीन मोजून देतं सगळं. पट्ट्या करायच्या म्हणून केल्या आणि कपाटात टाकल्या. तुला हौस असेल तर बघ बाई."

त्याच्याच लॅबच्या मायक्रोस्कोपवर मी रतनबाईच्या नावाची पट्टी लावली. मला न्यूट्रोफिल हव्या होत्या. रक्तातल्या सगळ्यांत जास्त संख्येच्या पांढऱ्या पेशी त्याच. बाईच्या रक्तात यातल्या काही पेशींच्या गाभ्याला बारीक देठावर एक टपोरा ठिपका लोंबतो. ढोलाच्या टिपरीसारखा दिसतो, म्हणून आम्ही त्याला ड्रमस्टिक म्हणतो. तीस-चाळीस पेशी बघितल्या की एखादीत सापडतोच. पुरुषाच्या रक्तात तो नसतो, कितीही शोधा.

मी शोधला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत शेकडो पेशी पालथ्या घातल्या, पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. एकही ड्रमस्टिक नाही.

रतनबाईच्या नावावर कुणा पुरुषाचं रक्त तपासलं होतं.

३

माझा पहिला संशय करणवर गेला. करण हा हॉस्पिटलचा सॅम्पल गोळा करणारा माणूस. मोटारसायकलवर बर्फाची पेटी बांधून वाड्यावस्त्या फिरतो. पावसात घाट चढायचा कंटाळा आला, तर असा माणूस काय करतो? स्वतःच्याच दंडातून रक्त काढतो आणि सगळ्या नळ्या भरतो. असे महाभाग मी पाहिले आहेत.

म्हणून करवंदवाडीच्या बाकीच्या पट्ट्याही बघितल्या. एकीतही ड्रमस्टिक नाही. पण हे सगळं एकाच माणसाचं रक्तही नव्हतं. एका पट्टीत लाल पेशी सुबक गोल, दुसरीत बारक्या आणि फिकट. एकीत पांढऱ्या पेशींची गर्दी, एकीत तुरळक. ही वेगवेगळी माणसं होती, आणि सगळे बाप्ये.

फक्त एक पट्टी सोडून. तिच्यावर नाव होतं बनुबाई. तिच्यात ड्रमस्टिक स्वच्छ दिसत होते आणि इओसिनोफिल तर जागोजाग, केशरी दाण्यांनी भरलेल्या. नारायणच्या म्हणण्याप्रमाणे या बाईच्या रक्तात त्या असायलाच नको होत्या.

करणला मी सायकल स्टँडजवळ गाठलं. धडधाकट, बायकोपोरांचा माणूस. पण मला बघून घामाघूम झाला.

"मी फक्त सुई टोचली, मॅडम."

"कुणाला?"

"जे पुढे आले त्यांना."

"बायका होत्या की पुरुष, तेवढं तरी तुला दिसलं असेल ना? की ते पण मशीन सांगतं?"

त्याने मान खाली घातली. "सर म्हणाले होते, रिकाम्या नळ्या घेऊन परत येऊ नको. मी काही बोललो तर नोकरी जाईल. तुम्ही वाडीत जाऊन विचारा."

"आणि हे सरांना माहीत होतं?"

"मी नाही सांगितलं त्यांना. शप्पथ." एवढं बोलून त्याने मोटारसायकलला किक मारली आणि निघून गेला.

मला त्याची कीव आली नाही. एका बाईचा श्वास याच्या सुईवर अवलंबून होता आणि हा नळ्या भरत बसला. पण प्रश्न तसाच राहिला. अख्ख्या वाडीत बनुबाईच्याच नावावर बनुबाईचं रक्त का? तिच्यात असं काय वेगळं होतं?

४

गहिनीनाथच मला जीपमधून वाडीत घेऊन गेला. वाटेत तो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता. "सापडंल ना म्याडम? कोनी केलं त्ये सापडंल ना?" मी त्याला एवढंच सांगितलं होतं, की जुलैचा रिपोर्ट चुकला आहे; आता सापडेल सापडेल म्हणत राहिले.

वाडीत देवळाच्या ओट्यावर पुरुषमंडळी ऊन खात बसली होती. थंडी होती, म्हणून सगळ्यांनी एकसारखी निळी ब्लँकेटं पांघरली होती. कोपऱ्यात ट्रस्टचं नाव छापलेली.

"कुठली रे ही?" मी गहिनीनाथला विचारलं.

"शिबिराची. रगत दिलं त्याला मिळाली."

मी बघतच राहिले. बायकांच्या आजाराची ब्लँकेटं हे घेऊन बसले होते आणि बायका डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेऊन समोरून चालल्या होत्या. तोंडात आलेला शब्द मी गिळला, तो इथे लिहीतही नाही.

गहिनीनाथ जीपला पाणी घालायला थांबला. मी एकटीच बनुबाईकडे गेले. म्हातारी दारातल्या बाजेवर बसून होती, पाय सरळ ठेवून.

"खुबा मोडला माजा जेठात," ती म्हणाली. "तवापून हितंच. शिबिराच्या दिशी अख्ख्या वाडीत मी एकलीच बाई घरी. तो रगतवाला आला, म्हनलं घे बाबा."

"बाकीच्या कुठं होत्या?"

"अगं बाई, आवनी व्हती की!"

आवणी. भाताची लावणी. जुलै महिना, धुवांधार पाऊस, आणि या डोंगरात बाईमाणूस त्या दिवसांत घरात सापडेल कसं? मी इतकी वर्षं अकोल्यात राहते, आणि हे मला म्हातारीने सांगावं लागलं.

पुढचं ज्ञानेश्वरीने सांगितलं. ती गहिनीनाथची बायको. सरपण टाकून पदराने तोंड पुसत आली होती.

"आमची सावड असती, म्याडम. आज समद्या बाया माज्या खाचरात, उद्या तुज्या. जी चुकंल तिच्या खाचरात कोन येत न्हाई. चिखल तुडवायचा बाप्यांनी, रोप लावायचं बायांनी. बाप्यांचा चिखल आदीच झाल्ता, त्ये मोकळे व्हते. रगतासाठी आमी खाचर सोडून कशा येनार? आमी म्हनलं, तुमीच द्या. एकाच घरातलं रगत, त्यात काय फरक पडतो?"

"तो रक्तवाला काही बोलला नाही?"

"त्यो म्हनला, चालतंय, नाव तेवढं बाईचं सांगा."

किती साधं होतं सगळं! कोणी कट केला नव्हता. खाचर वेळेत लागावं म्हणून बायकांनी पुरुषांना पाठवलं. पुरुषांना ब्लँकेट मिळालं, करणच्या नळ्या भरल्या, नारायणला पुण्याचं व्यासपीठ मिळालं. रतनबाईला काय मिळालं, ते मी वॉर्डात बघून आले होते.

"रतनबाईच्या नावाने कुणी दिलं?"

घरात बाप्या एकच होता. ज्ञानेश्वरीची नजर हळूच रस्त्याकडे गेली. तिथे गहिनीनाथ फडक्याने जीपची काच पुसत होता.

५

दुसऱ्या दिवशी मी नारायणच्या केबिनचं दार आतून लावलं आणि सगळं त्याच्यापुढे ठेवलं. ड्रमस्टिक, आवणी, ब्लँकेटं, सगळं.

त्याने कपाळाला हात लावला. "करण! हा करण मला बुडवणार एक दिवस. आजच काढून टाकतो त्याला. सुचित्रा, मला अंधारात ठेवलं गं या लोकांनी."

अभिनय वाईट नव्हता. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"नारायण, तुझा निबंध मी वाचला. बनुबाई त्यात का नाही?"

"अं? एखादी केस वेगळी निघते. ती वगळावी लागते."

"अख्ख्या गावात जी एकच खरी बाई, नेमकी तीच वगळलीस. तुझ्या लॅबच्या नोंदीत तिचं हिमोग्लोबिन नऊ आणि बाकी जवळजवळ सगळ्यांचं चौदा, पंधरा. एकीचं रक्त घट्ट झालं असेल, मानलं. पण गावातल्या सगळ्या बायका एकदम पैलवान? तू तो आकडा बघितलास आणि तुला कळलं. निबंधाचा विषय तोवर पुण्याला कळवून झाला होता, म्हणून तू तिला वगळलंस आणि गप्प बसलास."

"हा तर्क झाला. पुरावा नाही. आणि परवाचं रक्त रतनबाईचंच आहे ना? तिथेही शून्यच आहे."

मी याचीच वाट बघत होते. ढकलून दिलेलं ते घाणेरडं उत्तर आता तोंडाने बोलायची वेळ आली होती.

"शून्यच येणार. संध्याकाळी तिला शिरेतून स्टेरॉईड दिलंस. जीव वाचवायला ते द्यायलाच हवं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण स्टेरॉईड अंगात गेलं की काही तासांत रक्तातल्या इओसिनोफिल नाहीशा होतात. दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही हे येतं. मोजायच्याच असत्या, तर इंजेक्शनच्या आधी नळी भरायला एक मिनिट पुरलं असतं. तू सकाळ होऊ दिलीस. मग स्वतः सांगून रक्त काढायला लावलंस, आणि खाली लिहिलंस, पूर्वीचा निष्कर्ष कायम. करणने तुला फसवलं असतं, नारायण, तर तुला खरा आकडा हवा असता. तुला शून्य हवं होतं. आणि ते शून्य तुला हवं होतं, कारण जुलैचं रक्त खोटं आहे हे तुला माहीत होतं."

त्याने बाहीच्या इस्त्रीच्या घडीवरून बोट फिरवलं. नाकारायचंही त्याने सोडून दिलं.

"तुला काय हवंय? रतनबाईचा पंप आत्ता चालू करतो. ती सुधारेल, घरी जाईल."

"आणि वाडीतल्या बाकीच्या?"

"त्या अजून बऱ्या आहेत. बघू सावकाश." मग तो पुढे वाकला आणि आवाज मऊ केला. "तक्रार करशील तर पट्टीवरचं रक्त कुणाचं, ते सिद्ध करावं लागेल. म्हणजे त्या मुलाला बोलावून सांगशील, की बाबा रे, तुझ्या रक्तामुळे तुझ्या आईचा श्वास बंद झाला? सांगवेल तुला?"

आयुष्यात इतकी घाण बघितली, पण एका पोराच्या मायेमागे लपणारा डॉक्टर पहिल्यांदाच बघत होते. मी उठून बाहेर आले. हात धुतले, दोनदा.

६

पंप त्याच दुपारी चालू झाला. इंजेक्शनं होतीच. दोन-तीन दिवसांत रतनबाई उशीला टेकून बसायला लागली. मी तिला सगळं सांगितलं. तिचं रक्त, तिचा श्वास. तिला कळायलाच हवं होतं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने दाराकडे पाहिलं, तिथे कोणी नव्हतं.

"मीच धाडला व्हता त्याला," ती म्हणाली. "आवनी मोडाया नको म्हनून. त्याला सांगू नका बाई. लई हळवं हाय त्ये. आयुष्यभर डोक्यात घेऊन बसंल."

"रतनबाई, तुमचा पंप मिळाला. पण वाडीतल्या बाकीच्यांचा नाही मिळणार, मी तोंड उघडलं नाही तर."

तिने डोळे मिटले. त्या सगळ्या तिच्या सावडीतल्या. त्यांच्या खाचरात ती वाकली होती, तिच्या खाचरात त्या. पण पोरगा पोटचा. मी पुढे विचारलं नाही. नारायणचा हिशोब किती पक्का होता, हे मला तिथे त्या कॉटजवळ उभी राहून कळलं, आणि त्याच्याइतकाच मला माझाही राग आला. कारण घरी जावं, रिपोर्ट लिहीत बसावं, काही बोलू नये, असं मलाही वाटायला लागलं होतं.

लॅबमध्ये परतले, तर गहिनीनाथ माझ्या खुर्चीसमोर बसलेला. डोळे लाल. बऱ्याच वेळापासून बसला असावा.

"आई बरी आहे रे," मी म्हणाले. "पंप लागू पडला."

"ठावं हाय."

"मग असा का बसलास?"

"तुमी वाडीत इचारलं, तवाच ज्ञानेश्वरीला उमगलं. काल तिनं मला सांगितलं." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "आई म्हनली जा, मी बी म्हनलं, आईच्या अंगात रगत कुठं हाय, मी देतो. चांगलंच केलं असं वाटलं हुतं म्याडम. घरी येऊन तिला सांगितलं पन, बघ, तुज्या वाटचं मी दिलं. ती हसली हुती."

तुझी चूक नाही, असं काहीतरी म्हणाले. ते खरंही होतं, पण खरं असून उपयोगाचं नव्हतं.

"आईला वाटतं मला ठावं न्हाई," तो म्हणाला. "तसंच ऱ्हाऊ द्या. पन मोठा डॉक्टर सुटला न्हाई पायजे. बाकीच्या म्हाताऱ्या खोकत्यात माज्या जीपमदी."

मी त्याला सांगितलं, की तक्रार झाली तर तिच्यात त्याचं नाव येईल. काचपट्टीवरचं रक्त त्याच्या रक्ताशी जुळवलं जाईल. चौकशीत लोक विचारतील, गावात बोलतील, आणि कधीतरी आईच्या कानावरही जाईल.

त्याने शर्टाची बाही दंडापर्यंत गुंडाळली आणि हात माझ्यासमोर टेबलावर उताणा करून ठेवला.

"घ्या," तो म्हणाला. "ह्या टायमाला माज्या नावानं घ्या."

मी नळीवर आधी त्याचं नाव लिहिलं आणि मगच सुई उचलली.